अननस, ससा आणि आठवीचा पेपर

एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आठवीच्या मुलांसमोर इंग्रजीच्या सरकारी परीक्षेत एक गोष्ट आली. एक बोलणारा अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो. जंगलातले प्राणी कोड्यात पडतात, कारण अननसाला हलताच येत नाही. मग तो कशाच्या जोरावर शर्यत लावतो आहे? मूस म्हणजे तिकडचं थोराड हरीण. ते म्हणतं, याने बाहीत काहीतरी युक्ती लपवली आहे; इंग्रजीत छुप्या डावासाठी असाच वाक्प्रचार आहे. त्यावर घुबड म्हणतं, ‘अननसाला बाह्या नसतात.’ कावळा पुढचा तर्क लढवतो: आपण सशाचा जयघोष करू, ससा फाजील आत्मविश्वासाने झोपून जाईल किंवा वाट चुकेल, अननस जिंकेल आणि फजिती आपली होईल. सगळ्यांना हे पटतं. जिंकणाऱ्याच्या बाजूला असावं म्हणून सगळे अननसाच्या नावाने ओरडू लागतात. शर्यत सुरू होते. ससा मिनिटभरात दिसेनासा होतो. अननस कसा जिंकतो ते बघायला प्राणी त्याच्याभोवती गोळा होतात. दोन तासांनी ससा अंतिम रेषा ओलांडतो, तेव्हाही अननस तसूभर हललेला नसतो. प्राणी अननस खाऊन टाकतात. तात्पर्य: अननसाला बाह्या नसतात.

या उताऱ्यावर पर्यायी उत्तरांचे सहा प्रश्न होते. त्यांपैकी दोन प्रश्नांनी मुलं चक्रावली: प्राण्यांनी अननस का खाल्ला असावा, आणि कोणत्या प्राण्याचं बोलणं सर्वांत शहाणपणाचं होतं. परीक्षेबाहेर पडल्यावर मुलं आपापसांत बोलली, घरी बोलली, इंटरनेटवर आठवणीतून गोष्ट लिहून काढली. पालकांच्या एका ब्लॉगवरून ती वर्तमानपत्रांत गेली. २० एप्रिलला राज्याचे शिक्षण आयुक्त जॉन किंग (हेच पुढे २०१६ मध्ये अमेरिकेचे शिक्षणमंत्री झाले) यांनी जाहीर केलं की प्रश्न संदिग्ध असल्यामुळे या सहाही प्रश्नांचे गुण धरले जाणार नाहीत. पेपर तयार केला होता पिअर्सन या कंपनीने. राज्याचा तिच्याशी सुमारे ३.२ कोटी डॉलरचा, पाच वर्षांचा करार होता.

बातमी म्हणून प्रकरण इथे संपलं. मला ते खरं इथून पुढे महत्त्वाचं वाटतं. सहावी ते आठवीची मुलं भाषेच्या तासाला नेमकं काय शिकतात, आणि त्यातलं काय परीक्षेत मावतं, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. शिवाय गोष्ट आपल्या ओळखीची आहे. ससा-कासव ज्याला माहीत आहे, त्याला हा उतारा समजायला अर्धी मदत आधीच मिळालेली असते.

विषयाचा आवाका

अमेरिकेत या विषयाला ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ म्हणतात. शिक्षक आणि मुलं नुसतं ईएलए म्हणतात. आपल्या इंग्रजीच्या पुस्तकासारखं धडे-कविता-स्वाध्याय असं त्याचं रूप नाही. त्यात साहित्याचं वाचन, माहितीपर मजकुराचं वाचन, लेखन, बोलणं-ऐकणं आणि भाषेचे नियम असे धागे एकत्र चालतात. २०१० मध्ये आलेली ‘कॉमन कोअर’ नावाची मानकं चाळीसहून जास्त राज्यांनी स्वीकारली, न्यूयॉर्कनेही त्याच वर्षी. त्यांच्यावर आधारलेली परीक्षा मात्र तिथे २०१३ मध्ये सुरू झाली. म्हणजे अननसाचा पेपर जुन्या पद्धतीचा शेवटचा पेपर होता. तरी त्याला नव्या मानकांची मोजपट्टी लावून बघावी, कारण शाळा तेव्हा तिकडेच निघाल्या होत्या.

या मानकांत मला सर्वांत मोलाची वाटते ती वाचनाची पहिलीच पायरी. सहावीत मूल मजकुरातून काढलेल्या निष्कर्षाला मजकुरातलाच पुरावा द्यायला शिकतं. सातवीत एक पुरावा पुरत नाही, अनेक द्यावे लागतात. आठवीत त्या अनेकांतून सर्वांत भक्कम कोणता ते निवडायचं असतं. तीन वर्षांत तीन लहान पावलं. पण शेवटच्या पावलाला मूल पुरावा शोधण्याकडून पुरावा तोलण्याकडे येतं, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी ही उडी मोठी आहे. वादलेखनाची चढणही अशीच आहे. सहावीत आपलं म्हणणं आणि त्याची कारणं मांडायची. सातवीत विरुद्ध म्हणणं आहे हे मान्य करायचं. आठवीत आपलं म्हणणं त्या विरुद्ध म्हणण्याहून कुठे वेगळं पडतं ते दाखवायचं.

व्याकरणही असतं: सहावीत सर्वनामांची रूपं, सातवीत उपवाक्यं, आठवीत कर्तरी-कर्मणी प्रयोग. ते आपल्याला परिचित आहे, त्यावर थांबत नाही.

आता आठवीतली आणखी तीन अपेक्षितं बघा. एक, नवी गोष्ट जुन्या लोककथेतला साचा उचलते तेव्हा त्याला नवं कसं करते हे सांगणं. दुसरं, पात्रांना काय माहीत आहे आणि वाचकाला काय माहीत आहे यातल्या फरकातून विनोद कसा तयार होतो हे उलगडणं. तिसरं, श्लेष आणि वक्रोक्ती संदर्भातून ओळखणं. अननसाच्या गोष्टीत ही तिन्ही आहेत. शिकवायला याहून चांगला उतारा शोधून सापडायचा नाही, म्हणून तो परीक्षेत वाया गेला याची मला मनापासून हळहळ वाटते.

सहा प्रश्न, एकेक करून

ओरड झाली तेव्हा ‘सगळाच उतारा मूर्खपणाचा’ असा सूर लागला. तो मला मान्य नाही. सहापैकी चार प्रश्न ठीक होते.

घटना कोणत्या क्रमाने सांगितल्या आहेत, असा एक प्रश्न होता. उत्तर: घडल्या त्याच क्रमाने. दुसरा, शर्यतीआधी प्राण्यांना अननसाविषयी काय वाटत होतं? संशय; हेवा, माया, सहानुभूती यांपैकी काही नाही. याला मूस आणि कावळा या दोघांच्या बोलण्यात सरळ आधार आहे. तिसरा, प्राण्यांनी सशाचा जयघोष केला असता तर काय झालं असतं? जिंकणाऱ्याच्या बाजूने असल्याचा आनंद मिळाला असता. प्राण्यांची इच्छा गोष्टीतच लिहिलेली आहे, म्हणून हा ‘जर-तर’ हवेतला नाही. चौथा, बाहीत युक्ती लपवण्याचा अर्थ काय? प्राण्यांना फसवण्याचा बेत. इथे चुकीच्या पर्यायांत ‘बाहीतून काहीतरी काढणार आहे’ असंही ठेवलं होतं, म्हणजे शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलासाठी सापळा होता. चांगल्या पर्यायी प्रश्नात सापळा असा एका नेमक्या गैरसमजाला लावलेला असतो.

या चौथ्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. २००२ च्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचनाची परीक्षा दरवर्षी सक्तीची केली. परदेशातून आलेल्या मुलाला इंग्रजी वाचनाच्या परीक्षेतून साधारण पहिल्या वर्षापुरती सूट मिळे, नंतर सगळ्यांबरोबर बसावं लागे. सहावीत असताना पुण्याहून किंवा नागपूरहून न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात गेलेलं मराठी मूल आठवीत हा पेपर सोडवतं. बाहीचा वाक्प्रचार त्याने कधी ऐकला नसेल, तरी ‘सगळे संशय घेत आहेत’ या संदर्भावरून त्याला तो लावता येतो, कारण मूस पुढे स्वतःच आपलं म्हणणं स्पष्ट करतं. म्हणजे गोष्टीनेच मदत ठेवलेली आहे. याच मुलाला पुढचा प्रश्न मात्र अशी मदत करत नाही.

शहाणपणाचं कोण बोललं? पर्याय होते ससा, मूस, कावळा, घुबड. कंपनीच्या मते उत्तर घुबड. इंग्रजी बालसाहित्यात घुबड म्हणजे शहाणपणाचं चिन्ह, चष्मा लावून पुस्तक वाचणारं. त्या मातीत वाढलेलं मूल गोष्ट नीट न वाचताही घुबडावर खूण करून गुण मिळवू शकलं असतं. आपल्याकडे घुबड लक्ष्मीचं वाहन असलं तरी ‘घुबडतोंड्या’ ही शिवीच आहे, आणि रात्री त्याचा आवाज आला तर आजी तोंडाने देवाचं नाव घेते. आपल्या गोष्टीतला शहाणा पक्षी माठात खडे टाकणारा कावळा. मग मराठी घरातलं मूल कुठे खूण करेल? उत्तर मजकुरातून न येता लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून येऊ लागलं की प्रश्नाची वाचनकौशल्याशी गाठ सुटते.

याहून खोल अडचण दुसरी आहे. वाक्प्रचाराच्या प्रश्नात मूसचं बोलणं लाक्षणिक अर्थाने घेणाऱ्या मुलाला गुण आहेत. शहाणपणाच्या प्रश्नात तेच बोलणं शब्दशः घेणाऱ्या घुबडाला शहाणं ठरवणाऱ्या मुलाला गुण आहेत. एकाच उताऱ्यावरचे दोन प्रश्न मुलाला दोन दिशांना ओढतात. घुबडाच्या बाजूने बोलता येत नाही असं नाही. बाह्याच नाहीत म्हणजे युक्तीही नाही. घुबड नकळत खरं बोलून गेलं, आणि इतर सगळे अतिहुशारीत फसले. हे वाचन सुंदर आहे. पण ससा धावणार आणि अननस बसून राहणार हे न बोलताही सगळ्यांना दिसत होतं; मग मूसने ‘असं आव्हान कोणी उगाच देत नाही’ असा मुद्दा मांडणं हे शहाणपण नाही का, असं एखादी मुलगी विचारेल, आणि तिचंही वाचन मजकुराला धरून असेल. ‘शहाणपण’ कशाला म्हणायचं हे गोष्ट सांगत नाही. ते ठरवून, कारण देऊन पटवणं हेच तर आठवीचं वादलेखन.

प्राण्यांनी अननस का खाल्ला?

पर्याय चार: भूक, उत्साह, वैताग, गंमत. अपेक्षित उत्तर वैताग.

वैतागाच्या बाजूने पुरावा आहे. प्राण्यांना जिंकणाऱ्याच्या बाजूला असायचं होतं, ते हरणाऱ्याच्या बाजूला निघाले, भोवती गर्दी करून दोन तास वाट पाहिली आणि काहीच घडलं नाही. भुकेच्या बाजूनेही पुरावा आहे. दोन तास उभे राहिलेले प्राणी, आणि समोर फळ. अननसाचं फळ असणं गोष्ट कधीच विसरू देत नाही. मुख्य म्हणजे खाण्याचं ते वाक्य अगदी सपाट आहे. त्यात एकही भावदर्शक शब्द नाही, आधीच्या वाक्याशी जोडणारं ‘म्हणून’ नाही, प्राण्यांचं एकही उद्गारवाचक बोलणं नाही.

माझ्या मते सगळं प्रकरण या सपाट वाक्यात आहे. लेखकाने कारण मुद्दाम गाळलं आहे. बोधकथेत प्रत्येक कृतीला कारण असतं आणि शेवटी कारणांची बेरीज तात्पर्यात होते. ससा झोपला म्हणून हरला, कासव थांबलं नाही म्हणून जिंकलं. इथे अननस हलू शकत नव्हता म्हणून हरला, यात शिकण्यासारखं काही नाही. आणि तात्पर्याच्या जागी जे येतं तेही काही शिकवत नाही. वाचक हसतो तो या रिकाम्या जागेवर. परीक्षेने नेमकी तीच जागा भरायला सांगितली, आणि भरायला चार शब्द दिले.

गंमत आणखी वाढते ती कावळ्यामुळे. ससा झोपेल, अतिआत्मविश्वास नडेल, हा त्याचा तर्क येतो कुठून? ससा-कासवाच्या गोष्टीतून. जंगलातल्या प्राण्यांनी जणू जुनी गोष्ट ऐकलेली आहे आणि तिच्या भरवशावर ते डोळ्यांसमोरचं नाकारतात. वाचकानेही ती ऐकलेली आहे, त्यामुळे तोही क्षणभर अननसाच्या विजयाची वाट बघतो. पात्रांबरोबर वाचकालाही फसवण्याची ही करामत आठवीच्या वर्गात अर्धा तास बोलण्याच्या लायकीची आहे. मूळ बोधकथा कोणती, तिचा साचा कुठे ठेवला, कुठे मोडला, असं विचारलं तर वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूलही बोलू लागेल. सहा प्रश्नांत याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

मूळ लेखकाचं म्हणणं

गोष्ट डॅनियल पिंकवॉटर यांच्या ‘बॉर्गेल’ या १९९० च्या मुलांसाठीच्या कादंबरीतून घेतली होती, पण बदलून. कादंबरीत अननस नाही, वांगं आहे. आणि तात्पर्य आहे, वांग्यावर कधी पैज लावू नका. हे तात्पर्य वेडगळ असलं तरी गोष्टीला चिकटून आहे: प्राण्यांनी वांग्याची बाजू घेतली, ती चूक होती. परीक्षेच्या आवृत्तीत वांग्याचा अननस झाला आणि तात्पर्य बाह्यांवर गेलं. पिंकवॉटर यांनी बातमीदारांना सांगितलं की ही निव्वळ अर्थहीन मजेची गोष्ट आहे. अर्थहीनतेला साहित्यात मोठी परंपरा आहे आणि मुलांना ती कळते. तिच्यावर ‘योग्य उत्तर कोणतं’ हा प्रश्न विचारताना मात्र फार जपावं लागतं.

उतारा नवा नव्हता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. याआधी तो इतर काही राज्यांच्या चाचण्यांत वापरला गेला होता. आकडेवारीच्या चाळणीतून तो पार झाला असणार, कारण बहुतेक मुलं ‘वैताग’ आणि ‘घुबड’ यांवर खूण करत असतील तर प्रश्न कागदावर निरोगी दिसतो. बहुसंख्य मुलं परीक्षकाच्या मनातलं ओळखू शकतात एवढंच त्यातून सिद्ध होतं. आठवीपर्यंत ही विद्या मुलांना चांगलीच अवगत झालेली असते.

एवढी खळबळ का

सहा प्रश्नांसाठी आयुक्तांना जाहीर निवेदन करावं लागलं, कारण गुणांवर फार काही टांगलेलं होतं. २०१० च्या राज्य कायद्याने शिक्षकांच्या वार्षिक मूल्यमापनातला वीस टक्के भाग राज्य परीक्षांतल्या मुलांच्या प्रगतीशी जोडला होता. न्यूयॉर्क शहरात मूल वरच्या वर्गात जाणंही या गुणांशी बांधलेलं होतं. आणि पेपर गोपनीय. परीक्षेनंतरही तो खुला होत नव्हता. शिक्षकाने मजकुराची चर्चा केली तर तो नियमभंग. मुलं बोलली नसती तर हा उतारा पुन्हा पेटीत गेला असता.

इथे मला आपल्याकडची आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आठवते. तीही पर्यायी उत्तरांची होती, तिच्यातही ‘उतारा वाचा आणि उत्तरे द्या’ असे. तिच्यात भाषेच्या शिकवण्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण दोन गोष्टी तिच्या बाजूने सांगायला हव्यात. एक, परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची जाहीर होई, तिच्यावर शाळा-पालकांना आक्षेप नोंदवता येत आणि मग अंतिम सूची लागे. दुसरी, आठवीच्या पेपरात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकत आणि दोन्हीवर खूण करावी लागे. अननसाचा पेपर अशा पद्धतीने लागला असता तर ‘भूक’ आणि ‘वैताग’ यांवरचे आक्षेप रीतसर नोंदले गेले असते, वर्तमानपत्राची गरज पडली नसती. न्यूयॉर्कने हळूहळू हाच मार्ग धरला: २०१३ पासून प्रश्नांचा काही भाग जाहीर होऊ लागला आणि २०१६ पर्यंत तो तीन चतुर्थांशावर गेला. त्याआधी, २०१५ मध्ये, राज्याने पिअर्सनऐवजी दुसऱ्या कंपनीला काम दिलं. त्याच वर्षी तिसरी ते आठवीच्या सुमारे वीस टक्के मुलांनी राज्य परीक्षेवर बहिष्कार घातला होता. त्याची कारणं अनेक होती, अननस त्यांतलं सर्वांत लहान.

नव्या मानकांनुसारचा पहिला पेपर २०१३ मध्ये झाला आणि इंग्रजीत प्रवीण ठरलेल्या मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३१ वर आलं. मुलं वर्षभरात मागे गेली नव्हती. मोजपट्टी बदलली होती.

प्रश्न कसा विचारता आला असता

राज्यांच्या एका गटाने केलेल्या ‘पार्क’ या परीक्षेत २०१५ पासून दोन भागांचा प्रश्न आला. पहिल्या भागात निष्कर्ष निवडायचा, दुसऱ्यात त्या निष्कर्षाला आधार देणारं उताऱ्यातलं वाक्य निवडायचं. पहिला भाग चुकला तर दुसऱ्याचे गुण नाहीत. पुरावा मागितला जाऊ लागला, ही खरी सुधारणा. पण अननसाचा प्रश्न या साच्यातही अडकतो, कारण ‘भूक’ निवडून दोन तासांच्या प्रतीक्षेचं वाक्य दाखवणारा मुलगा पहिल्याच भागात बाद होतो.

या प्रश्नाला लेखीच उत्तर हवं होतं. मी तो असा विचारला असता: ‘प्राण्यांनी अननस खाल्ला, पण का ते लेखक सांगत नाही. तुम्हाला काय कारण वाटतं? गोष्टीतला सर्वांत भक्कम पुरावा द्या. तुमच्या शेजारी बसलेल्या मुलाचं उत्तर वेगळं असेल तर त्याचा पुरावा कुठे कमी पडतो तेही लिहा.’ गुण उत्तराला नाहीत, आधाराला. तपासायला वेळ जास्त लागतो, दोन तपासनिसांत मतभेद होतात, खर्च वाढतो. राज्यभराच्या परीक्षेत असे प्रश्न मोजकेच का ठेवले जातात हे मी समजू शकतो. म्हणून तर ते वर्गात रोज विचारायचे असतात.

आणि त्याच्या पुढचा, फक्त वर्गासाठीचा प्रश्न: ‘लेखकाने कारण सांगितलं असतं तर गोष्ट तितकीच मजेदार झाली असती का?’ शेवटचं वाक्य ‘चिडलेल्या प्राण्यांनी अननस खाऊन टाकला’ असं फळ्यावर लिहा, शेजारी मूळ सपाट वाक्य लिहा, आणि दोन्ही मोठ्याने वाचून घ्या. कोणतं वाक्य हसवतं आणि त्यातल्या कोणत्या शब्दामुळे, हे मुलांना विचारा.